ताटी उघडण्याचा धर्म

सज्जनहो, भुसावळास कीर्तन आटोपले. बुक्का लावून मंडळी पांगली, पण रेल्वेतून निवृत्त झालेले एक माळकरी मागे थांबले. म्हणाले, “महाराज, तुम्ही क्रोधाला वैरी म्हटलं. मी तर जन्मात कुणाला अरे म्हटलं नाही. रात्रपाळ्या केल्या, वरच्यांची बोलणी गिळली, घरचं दुःख गिळलं. तंबाखूची चिमूट दाढेला धरायची नि गप्प बसायचं. तरी डॉक्टर म्हणतात, हृदयाला त्रास आहे. माझं चुकलं कुठे?”

गिळलेला क्रोध म्हणजे शांती काय? प्रश्न मोठा आहे.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगांचे दोन वर्ग केले आहेत. लोभ, शोक, भय, क्रोध यांचे वेग आवरावेत. भूक, तहान, झोप, अश्रू यांचे अडवू नयेत. शोक आवरा म्हणतात आणि अश्रू अडवू नका असेही म्हणतात! पण त्यात विरोध नाही. शोकाच्या आहारी जाऊ नये, आणि डोळ्यांत आलेले पाणीही कोंडू नये. आपण नेमके उलटे करतो. अश्रू कोंडतो, झोप मारतो आणि राग मनात पोसतो.

आजचे वैद्यकही हेच सांगते. संतापाच्या वा भीतीच्या क्षणी ॲड्रेनॅलिन नावाचा स्राव रक्तात उतरतो, नाडी धावते, रक्तदाब चढतो. प्रसंग सरला की हे ओसरावे. पण मन तेच उगाळीत बसले तर शरीराला विसावा कुठला? त्यावर उतारा म्हणून तंबाखू घ्यावी, तर तिच्यातील निकोटीन नाडी आणि रक्तदाब आणखी वाढवते. पाणी समजून आगीत तेलच ओतले म्हणा ना! 52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हृदयविकाराच्या प्रमुख कारणांत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह यांच्या पंक्तीला मनाचा ताणही बसला आहे.

आता आपल्या मुक्ताईकडे पाहा. जनांच्या वागण्याने खिन्न होऊन ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. ‘आत बसून सोस’ असे मुक्ताई म्हणाली नाही. दाराशी उभी राहून तिने विनविले. तेच ताटीचे अभंग. ज्ञानियांच्या राजालाही दाराशी कुणी यावे लागले, तेथे आपला काय पाड?

मी त्यांना म्हटले, “दादा, आजार म्हणजे पापाची शिक्षा नव्हे. पण गिळणं निराळं नि क्षमा निराळी. क्षमा केली की आत काही उरत नाही. गिळलं की सगळं उरतं. माळ घातली तशी तंबाखू सोडा. पुरती झोप घ्या. नाम घ्या, पण औषध चुकवू नका.”

वारकऱ्यांनो, वाटेत छाती दाटली, घाम फुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली, तर अंगारा लावून वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा.

ते म्हणाले, “पण मन मोकळं करू कुणापाशी?”

म्हटले, “आज माझ्यापाशी केलंत ना? ताटी किलकिली झाली. आता घरी जाऊन मंडळींपाशी बोला.”

रामकृष्णहरि.