सत्यकामाची मुलाखत

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात हारिद्रुमत गौतम शिष्यत्व मागणाऱ्या सत्यकामाला विचारतात, गोत्र कोणते? ‘अनेक घरी राबताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही,’ हे आई जबालेचे उत्तर तो जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याला स्वीकारतात. खोटे सोयीचे असताना माणूस काय बोलतो, हीच खरी परीक्षा. म्हणून नोकरीच्या मुलाखतीतही ‘प्रामाणिक आहात का?’ हे विचारणे व्यर्थ. फसलेल्या कामात स्वतःची चूक कोणती, हे विचारावे. असे सत्य ब्राह्मणच बोलू शकतो, हा गौतमांचा निष्कर्ष मात्र खटकतो: पारखला गुण, श्रेय वर्णाला. पण एका उत्तरावर ते थांबले नाहीत. 400 रोड गाई राखायला दिल्या. 1000 झाल्याशिवाय परतणार नाही, असे सत्यकाम म्हणाला आणि वर्षानुवर्षे रानात राहिला.