इंग्रजी तिसरी

आजीला शिक्षण विचारलं की ती म्हणायची, "इंग्रजी तिसरी." मी तेव्हा पाचवीत होतो, म्हणजे आजीच्या दोन यत्ता पुढे, असा माझा समज. तरी व्याजाचं गणित अडलं की जायचं तिच्याकडेच.

उलगडा पुष्कळ उशिरा झाला. तेव्हा मराठी चौथी झाली की हायस्कुलात 'इंग्रजी पहिली' लागायची, मोजणी पुन्हा एकपासून. इंग्रजी तिसरी म्हणजे आताची सातवी. इंग्रजी सातवी ती मॅट्रिक, आजच्या हिशेबानं अकरावी. इंग्रजीच्या वाटेला न जाता मराठी शाळेतच सातवी केली, तर व्हर्नाक्युलर फायनल. त्यावर मास्तरकी मिळे.

पुढे आकडे सरळ एका माळेत आले. 1975 मध्ये आपल्याकडे दहावीची पहिली एस.एस.सी. झाली आणि अकरावी शाळेतून उठून कॉलेजात जाऊन बसली. आजोबांच्या पिढीचा शाळेतला शेवटचा वर्ग तो नातवाचा बिनगणवेशाचा पहिला दिवस. मुलगा तोच, सोळाच्या आतबाहेरचा.

चौथीनंतरची रेघ मात्र चिवट निघाली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं पाचवी प्राथमिकमध्ये धरली. 2020 च्या राष्ट्रीय धोरणानं 5+3+3+4 अशी नवी मांडणी केली. तिच्यातही तिसरी ते पाचवी एका गटात आणि नववी ते बारावी एका. तरी कितीतरी गावांत आजही चौथीचा दाखला निघतो आणि पाचवीचं पोर हायस्कुलाची पायरी चढतं. एप्रिलमध्ये प्रार्थनेला पुढे उभं राहून 'सावधान' म्हणणारं पोर जूनमध्ये सगळ्यांत लहान. बाकावर बसलं की पाय अधांतरी, आणि दर तासाला नवे सर. (पोरांची आपली वाटणी वेगळीच असायची. आमच्या शाळेत सातवीपर्यंत हाफपँट, आठवीपासून फुलपँट. त्यापुढे सगळे आयोग फिके.)

ही रेघ कुठं ओढायची, हे मला फार काळ कागदावरचं काम वाटे. पण रेघेपाशी दाखला काढावा लागतो, नवी शाळा शोधावी लागते, आणि ती परगावी असली तर एसटीची वेळ पाहावी लागते. पोरगा सायकलवर टांग टाकून जातो. पोरीचा दाखला मात्र कधीकधी ट्रंकेतच राहतो.

आजीला एकदा विचारलं, "तिसरीनंतर का सोडलीस गं शाळा?"

"सोडली कुठं?" ती म्हणाली. "आमच्या गावची शाळाच इंग्रजी तिसरीपर्यंत होती."