सांगून ठेवलेली चूक

मे महिन्यात, पुण्यात, पंख्याखाली बसून लोकरीची टोपी विणणारा माणूस जरा विनोदीच दिसतो. घामाने लोकर बोटांना चिकटायची आणि रूममेट विचारायचा, "हिमालयात चाललायस का?" मी कुठेच चाललो नव्हतो. धाकटी बहीण ऑगस्टअखेर मास्टर्ससाठी आयर्लंडला, गॉलवेला निघणार होती. तिथे बर्फ फारसा पडत नाही, पण अटलांटिकवरून येणारा वारा आणि पाऊस माणसाला सोडत नाहीत. तयार टोपी दोन दिवसांत घरपोच येते हे मलाही माहीत होतं. तरी ठरवलं, की टोपी आणि तिच्या जोडीचे हातमोजे आपणच विणायचे. हातमोजे बिनबोटांचे, कारण फोन काही तिच्या हातातून सुटणार नाही.

शिकवायला डोंबिवलीची मावशी होती. नोकरीच्या काळात लोकलच्या लेडीज डब्यात तिने आमच्या अख्ख्या खानदानाचे स्वेटर विणले आहेत. व्हिडिओ कॉलवर पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "टाके दोनच. सुलट आणि उलट. बाकी नुसतं मोजायचं असतं." शून्य आणि एकवर पोट भरणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं.

मला मात्र साधी टोपी नको होती. दोरखंडासारखे पीळ असतात ना, ती नक्षी हवी होती. इंग्रजीत तिला केबल म्हणतात, मावशी वेणी म्हणते. लांबून ती अवघड दिसते, पण युक्ती एकच आहे. सहा टाक्यांपैकी पहिले तीन एका जादा सुईवर घ्यायचे आणि पुढे लटकत ठेवायचे. पुढचे तीन आधी विणायचे, मग लटकलेले तीन. पीळ डावीकडे झुकतो. तेच तीन टाके मागे ठेवले तर पीळ उजवीकडे झुकतो. खरं तर वेणी कुणी घालतच नाही, फक्त टाक्यांचा क्रम बदलतो.

वेण्या कापड आखडून घेतात, म्हणून काठाला 96 टाके आणि त्याच्या वर 112. त्यात 14 वेण्या, प्रत्येक वेणी सहा टाक्यांची, दोन वेण्यांच्या मध्ये दोन उलट टाके. दर आठव्या फेरीला पीळ, सगळे डावीकडे झुकलेले. मी हे सगळं एका शीटमध्ये मांडलं होतं, प्रत्येक फेरी संपली की टिक करायचो.

44 फेऱ्या झाल्या. आता माथ्याचे टाके कमी करायचे, म्हणून टोपी मांडीवर सपाट पसरली आणि दिसलं. नवव्या वेणीतला तिसरा पीळ उजवीकडे झुकला होता. 24 व्या फेरीत मी तीन टाके पुढे ठेवण्याऐवजी मागे ठेवले होते. शीटमध्ये त्या फेरीसमोर टिक होती.

तिथपर्यंत उसवायचं म्हणजे 20 फेऱ्या, 2240 टाके. डोक्यात पहिलं वाक्य आलं, "कुणाला दिसणार आहे?"

वाक्य ओळखीचं वाटलं. आठच दिवसांपूर्वी ते मी ऑफिसात मनातल्या मनात म्हटलं होतं.

आमचं ॲप लोकांचे हप्ते गोळा करतं. ठरलेल्या तारखेच्या रात्री बारापर्यंत हप्ता भरला तर तो वेळेवर, नाहीतर 50 रुपये उशिराचे. जुना कोड वाचताना मला दिसलं, की पैसे कधी भरले ते आपण बघतच नाही, पैसे पोचल्याची खबर आपल्या सर्व्हरला कधी आली ते बघतो. म्हणजे कुणी पावणेबाराला पैसे भरले आणि खबर बारानंतर आली, तर त्या माणसाला 50 रुपयांचा भुर्दंड. रोज असं होत नव्हतं. तक्रार एकही नव्हती. अशा वेळी माणसाला वाटतं, आपल्यालाच उशीर झाला असेल.

तो कोड मी लिहिलेला होता.

मी तो दुरुस्त केला, त्याच दिवशी. पण दुसऱ्या एका बदलाच्या पोटात घालून, वर "किरकोळ सफाई" अशी टीप लिहून. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आधी कापले गेलेले पैसे कापलेलेच राहिले. आणि घरी जाताना मला चक्क प्रामाणिक वाटत होतं. चूक सापडली, चूक सुधारली, अजून काय करायचं?

प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये एक गोष्ट आहे. एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी मिळते, आणि ग्लॉकॉन विचारतो, कुणी बघणारच नसेल तर माणूस नीट का वागेल? कॉलेजात हे वाचलं तेव्हा वाटलं होतं, अशी अंगठी कुणाला मिळते! आता वाटतं, आमच्या धंद्यात ती जॉइनिंगच्या दिवशी लॅपटॉपबरोबरच मिळते. माणूस दिसतो, त्याची चूक दिसत नाही.

मावशीला टोपी दाखवली. ती म्हणाली, "सगळं कशाला उसवतोस? त्या सहाच टाक्यांपुरतं खाली सोड आणि सुईने परत वर चढव." असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं. आधी एका नमुन्याच्या तुकड्यावर करून पाहिलं, तर वेणी सैल आणि वेडीवाकडी झाली. मूळ चुकीपेक्षा ही दुरुस्ती जास्त दिसत होती.

"मग ठेव तशीच," मावशी म्हणाली. "पण तिला सांग कुठे आहे ते."

"कशाला? तिला कळणार पण नाही."

"एक ना एक दिवस दिसेल. मग तिला वाटेल, दादाला कळलंच नव्हतं. नाहीतर वाटेल, कळलं होतं पण लपवलं. यातलं तुला काय चालेल ते बघ."

दोन्हीतलं काहीच चालण्यासारखं नव्हतं. पण मी अडकलो तो वेगळ्याच जागी. टोपीतली चूक मी ठेवणार होतो, आणि मला अपराधी वाटत होतं. कोडमधली चूक मी काढून टाकली होती, आणि मला स्वच्छ वाटत होतं. हिशोब बरोबर उलटा लागला होता. दुरुस्ती ही पुढे येणाऱ्यांसाठी असते. जे आधीच त्या चुकीतून गेले, त्यांना दुरुस्तीचा काही उपयोग नसतो. त्यांच्यासाठी फक्त सांगणं उरतं, आणि त्यांचं जे गेलं ते परत करणं.

तुम्ही म्हणाल, मग काय प्रत्येक चुकीची दवंडी पिटायची? सॉफ्टवेअरमध्ये रोज शंभर गोष्टी चुकतात. बटण दोन पिक्सेल सरकलं म्हणून कुणी माफी मागत नाही, मागूही नये. मला वाटतं, प्रश्न चूक केवढी आहे हा नाही. माझ्या चुकीचे पैसे दुसरं कुणीतरी भरतंय का, आणि त्याला ते माहीत आहे का, हा आहे. बहिणीचं काहीच जात नव्हतं, उलट्या पिळाची टोपीसुद्धा तेवढीच ऊब देते. तिला सांगणं हे प्रेमाखातर. त्या 50 रुपयेवाल्यांना सांगणं हे देणं.

गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी ॲरन नावाची तीन बेटं आहेत. वेण्यांचे जाड पांढरे स्वेटर ज्यांच्या नावाने जगभर विकले जातात तीच ही बेटं. तिथल्या प्रत्येक घराण्याची वीण वेगळी असे आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख त्यावरून पटे, असं पर्यटकांना सांगतात. याला पुरावा नाही. ही समजूत पसरायला जॉन मिलिंग्टन सिंगचं 'रायडर्स टू द सी' हे 1904 सालचं नाटक कारणीभूत झालं असं मानतात. नाटकात घराण्याची वीण वगैरे काही नाही. एका बुडालेल्या माणसाचे कपडे घरी येतात, आणि बहीण त्यातल्या साध्या पायमोज्याचे टाके मोजते. तिने साठ टाके घातले होते आणि चार गाळले होते. तेवढ्यावरून तिला कळतं, हा आपलाच भाऊ.

चार टाके चुकून गळले की मुद्दाम गाळले, नाटक सांगत नाही. हे वाचून "चुकांतच सौंदर्य असतं" असं म्हणायचा मोह होतो. मला तसं वाटत नाही. बहिणीला ओळख पटली, कारण मोज्यात काय कमी आहे याचा हिशोब तिने ठेवला होता. मी माझ्या हिशोबावर "किरकोळ सफाई" लिहून मोकळा झालो होतो.

जुलैत हातमोजे विणले. त्यांच्यात एक गंमत असते. डाव्या हाताची वेणी डावीकडे झुकते आणि उजव्याची उजवीकडे, म्हणजे दोन्ही हात समोर धरले की जोडी आरशासारखी दिसते. उजवा मोजा विणताना मी दर आठव्या फेरीला तीन टाके मागे ठेवत होतो. टोपीत जी चूक होती, तीच इथे बरोबर होती. तेव्हा लक्षात आलं, चूक टाक्यात नसते, आधी काय ठरलं होतं त्यात असते. आम्ही लोकांना सांगितलं होतं, रात्री बारापर्यंत. आमचा शब्द होता तो.

दुसऱ्या दिवशी टीम लीडला सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "किती जण आहेत?" यादी मी आधीच काढून नेली होती. पुढचा आठवडा काही छान गेला नाही. "सापडलं त्याच दिवशी का नाही बोललास?" असं मला तीन वेगवेगळ्या मीटिंगांमध्ये विचारलं गेलं, आणि तिन्ही वेळा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. महिनाभरात पैसे परत गेले, सोबत दोन ओळींचा मेसेजही. त्यावर कुणाचं उत्तर आल्याचं मला माहीत नाही.

ऑगस्टच्या शेवटी मुंबई विमानतळाबाहेर, चिकचिकत्या उकाड्यात, बहिणीने टोपी घालून सेल्फी काढला. मग मी टोपी हातात घेतली, फेरी जिथून सुरू होते तिथून वेण्या मोजल्या आणि तिचं बोट नवव्या वेणीवर ठेवलं. "हा पीळ उलटा आहे. माझं चुकलं."

तिने टोपी दोनदा फिरवून पाहिली. "दादा, मला हे कधीच कळलं नसतं."

त्या यादीतल्या लोकांनाही कळलं नसतं.