जुना वाडा आणि अपरिग्रह
पतंजलींच्या योगसूत्रांतील पाच यमांपैकी शेवटचा अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे संचय न करण्याचे व्रत, बहुधा संन्याशाचा मानला जातो. परंतु बेताच्या पैशांत पुण्यातील जुना वाडा दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाला तो अधिक लागू पडतो, कारण आहे ते टिकवणे हा नव्या संचयाला दिलेला नकारच असतो. माती वा चुन्यात रचलेल्या भिंती ओल बाहेर सोडतात, आणि त्यांवर सिमेंटचा गिलावा, म्हणजे प्लास्टर, चढवला की ती आत कोंडून विटा झिजू लागतात; म्हणून चुन्याचा स्वस्त हात येथे काटकसरीइतकाच भिंतीच्या स्वभावाचा आदर ठरतो. व्रताची खरी कसोटी मात्र सजावटीत लागते: सागवानी खांबांवरील रंगाचे थर खरवडून तेलाचा हात दिल्यावर विकतच्या शोभेची गरज क्वचितच उरते.