मशीनशेजारी ठेवायचं पत्र

कुरुंदवाड,
आषाढ

चि. बाळ,


कॉम्प्युटरचं नवं शिलाई मशीन घरात आलंय आणि तू अजून पायाच्या मशीनवरच गिऱ्हाइकांचे ब्लाऊज शिवतेस, असं तुझी आई परवा बोलली. फोनवर सांगितलेलं मशीनपुढे बसलं की आठवत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. हे कागद मशीनशेजारीच ठेव.

पायाच्या मशीनवर तू जो टाका घालतेस, तोच टाका हे मशीन घालतं. वरचा एक दोरा, बॉबिनचा एक दोरा, आणि कापडाच्या मधोमध दोघांची गाठ. एलियास हाऊ या अमेरिकन माणसानं 1846 साली अशा टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, 1851 साली आयझॅक सिंगरनं आपल्या मशीनचं घेतलं, आणि आजही ब्लाऊजची टीप तशीच पडते. पुढं 1975 मध्ये सिंगर कंपनीनं घरगुती मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग बसवले, 1979 मध्ये जपानच्या जानोमे कंपनीनं कॉम्प्युटरचं घरगुती मशीन काढलं, तरी टाका तोच राहिला. सुई डावीउजवीकडे किती सरकायची आणि दातांनी कापड किती पुढं न्यायचं, हे आधी आतले लोखंडी भाग ठरवायचे. आता ते छोट्या मोटरी करतात आणि त्यांना हुकूम देते चिप. चिप मोजते आणि मोजलेलं तंतोतंत पुन्हा करते. समोरचं कापड खण आहे की जॉर्जेट, हे तिला कळत नाही. ते तुझ्या बोटांना कळतं. कोणतं काम तिचं आणि कोणतं तुझं, एवढं डोक्यात पक्कं झालं की या मशीनची भीती उरत नाही, असं मला मनापासून वाटतं.

आणि कापडाच्या धंद्यात असं हुकुमावर चालणारं यंत्र काही आजचं नाही. फ्रान्सच्या जॅकार्डनं 1804 साली मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं चढवली. भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जायचा, नसेल तिथं खालीच राहायचा, आणि त्यातून नक्षी उतरायची. पुढं कॉम्प्युटर करणाऱ्यांनी भोकांच्या कार्डांची ती कल्पना कापडवाल्यांकडूनच उचलली. इचलकरंजी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मागाच्या खडखडाटात वाढलेल्या मुलखातल्या पोरीनं बटणांना बिचकायचं काही कारण नाही.

आता बस. मशीनचा स्विच बंद ठेव. वर लाल दोरा लाव, बॉबिनमध्ये पांढरा भर आणि मांजरपाटाची दुहेरी पट्टी फुटाखाली घे. उजव्या हातानं चाक आपल्याकडं, अगदी सावकाश फिरव आणि सुईकडं बघत राहा. सुई तळाला जाते, जराशी वर येते, तेवढ्यात तिच्या मागं लाल दोऱ्याचा छोटा फासा सुटतो. खालच्या हुकाचं टोक तो फासा पकडतं, बॉबिनच्या भोवती फिरवून आणतं, आणि वरचा लिव्हर त्याला खेचून घेतो. झाला टाका. हे मन भरेपर्यंत बघ. पायडल मारल्यावर जे डोळ्यांना दिसत नाही ते इथं दिसतं, आणि एकदा दिसलं की मशीन कुठं अडलं याचा अंदाज आपोआप येतो.

मग स्विच लाव आणि त्याच पट्टीवर सरळ टीप घाल, टाका अडीच मिलिमीटर. पट्टीच्या वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले तर वरचं टेन्शन घट्ट आहे, ते कमी कर. खालच्या बाजूला लाल दिसलं तर वरचं सैल आहे. एकाच रंगाचे दोरे लावले असते तर यातलं काही दिसलं नसतं.

सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट म्हणजे कापडाखाली होणारा दोऱ्याचा गुंता. टीप सुरू होते, घर्रघर्र आवाज येतो, आणि कापड उलटं करून बघावं तर दोऱ्याचं जाळं. सगळ्या मुली बॉबिन काढून पुन्हा पुन्हा बसवत बसतात, कारण गुंता खाली दिसतो. पण तो बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळं होतो. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. तशात दोरा ओवला तर तो चकत्यांच्या आत न बसता वरूनच जातो. मग त्याला ओढून धरणारं काहीच राहत नाही आणि तो सैल होऊन खाली साठत जातो. म्हणून फूट वर उचल, सुई वर आण, आणि रिळापासून सुईपर्यंत सगळा दोरा नव्यानं ओव. लिव्हरच्या भोकातून गेला का, ते बघ. ओवून झाल्यावर फूट खाली कर आणि दोरा हलकेच ओढ. हाताला ओढ लागली पाहिजे. सुळकन आला तर पुन्हा ओव.

सुई बदलायला कंजुषी करू नकोस. साध्या सुतीला 14 नंबर, जॉर्जेट-क्रेपला 11, जीनला 16. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूनं सपाट असतो. ती बाजू मागं. कारखान्यातल्या जुकी मशीनची गोल दांड्याची सुई यात चालत नाही, दुकानदारानं दिली तरी परत कर. बॉबिनही या मशीनसोबत आली तशीच वापर. जुन्या मशीनची लोखंडी बॉबिन यात घालायची नाही.

पडद्यावर काही उमटलं की हात मागं घेऊ नकोस. फूट वर असेल, बॉबिन भरायची दांडी उजवीकडं ढकललेली राहिली असेल, काजाचा लिव्हर खाली ओढला नसेल, तर मशीन चालायला नकार देतं आणि का देतं तेही सांगतं. तुझ्या जुन्या मशीननं एवढं कधी सांगितलं होतं? बऱ्याच मशीनवर पायडल जोडलेलं असलं की स्टार्ट-स्टॉपचं बटण चालत नाही. मशीन बिघडलं असं समजून मेकॅनिककडं धावू नकोस. सोबतच्या पुस्तिकेत हे सगळं चित्रासकट दिलेलं असतं. ती पुस्तिका खोक्यात पडून राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

वेगाची पट्टी सुरुवातीला कासवाच्या बाजूलाच ठेव. पायाच्या मशीनवर हळू चालवणं हेच अवघड असतं. इथं पायडल पूर्ण दाबलं तरी ठरवलेल्या वेगापुढं मशीन जात नाही. गोल गळ्याची पायपिंग करताना याचा फायदा तुझा तुला कळेल.

टाक्यांचे प्रकार किती, यावर दुकानात मशीन विकलं जातं. तुला रोज लागणार सरळ टीप, झिगझॅग, कडेचा ओव्हरलॉकसारखा टाका, ताणणाऱ्या कापडाचा टाका आणि काज. फुलापानांचे टाके सणासुदीला बघू. खणाच्या कडा फार सुटतात, तेव्हा कापल्याबरोबर त्यांवर झिगझॅग घे.

काजात मात्र हे मशीन हातापेक्षा सरस आहे, हे मान्य करायलाच हवं. काजाच्या फुटात मागं बटण अडकवायचं, लिव्हर खाली ओढायचा, आणि बटणाच्या मापाचं काज ते स्वतः पुरं करतं. कुर्त्याची सगळी काजं एकाच मापाची येतात. पण पहिलं काज कुर्त्यावर नको. तेवढेच पदर, तेच बकरम घेऊन चिंधीवर कर, कापून बटण घालून बघ, मगच कुर्ता घे.

पुढं व्यवसाय वाढवायचा विचार असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी कर. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली आणि तिच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत, आणि 5 टक्क्यांनी आधी 1 लाखाचं कर्ज मिळतं. योजनेचा लाभ घरातल्या एकालाच मिळतो, तेव्हा आधी आईशी बोल.

आता पावसाचं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी 2005, 2019 आणि 2021 ला कुठवर आलं ते तुला माहीत आहे. पायाचं मशीन पुरात भिजलं तरी पुसून, रॉकेलनं धुऊन, तेल देऊन बरेचदा पुन्हा चालतं. या मशीनमधला बोर्ड भिजला तर तो गेलाच समज. पाणी चढतंय असं कळलं की कपाटाआधी हे उचल. हलकं आहे, तुला एकटीला जमेल. वायर, पायडल आणि फुटांची डबी त्याच पिशवीत घाल. वीज परत आल्यावर दाब वरखाली होतो, म्हणून जरा थांबूनच प्लग लाव. तेलाची कुपी मात्र याला लावू नकोस, पुस्तिकेत सांगितलं असेल तरच. दातांमधला कापसाचा भुगा ब्रशनं काढलास तरी पुष्कळ.

आणि पायाचं मशीन कुणी किती पैसे देतो म्हटलं तरी विकू नकोस. श्रावणात लाईट जातील तेव्हा राहिलेले ब्लाऊज त्याच्यावरच पुरे करायचे आहेत.

तुझी,
मावशी