शेवटच्या पाड्याचं अंतर

एका रस्त्याच्या या टोकाला नऊशे मुलांचं गाव, चाळीस किलोमीटरवर दुसऱ्या टोकाला शंभर मुलांचे पाडे. लसीकरण केंद्र एकच काढता येणार आहे. कुठे काढायचं? पुरवठ्याची जाळी आखणं हा माझा पेशा आहे, आणि माझ्या विषयाचं उत्तर तयार असतं: गावात. सगळ्यांचं अंतर मिळून चार हजार किलोमीटर, सरासरी चार. केंद्र मधोमध नेलं तर प्रत्येकाला वीस, एकूण वीस हजार. पाचपट.

हकिमी या गणितज्ञाने १९६४ साली यामागचे दोन प्रश्न एकाच लेखात मांडले. एकात एकूण अंतर कमीत कमी करायचं, दुसऱ्यात सगळ्यांत लांबच्याचं. गणित दोन्ही सोडवून देतं. त्यातला कोणता घ्यायचा, हे आखणाऱ्याने आपल्या धर्मबुद्धीला विचारायचं. बहुतेक आराखड्यांत कुणी विचारत नाही. सरासरी चार लिहून मोकळे होतात, आणि ते चार किलोमीटर तर कुणीच चालत नाही. नऊशे जणांना शून्य, शंभरांना चाळीस.

शेवटच्याचा विचार करणारा एक जुना दाखला आहे. बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानात एक द्राक्षमळ्याचा मालक आहे. पहाटेपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना तो सारखीच मजुरी देतो. इंग्रज लेखक रस्किनने आपल्या पुस्तकाचं नाव या दाखल्यातून घेतलं, ते गांधीजींनी १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गाडीत वाचलं, आणि १९०८ मध्ये ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणलं. मला त्या दाखल्यात आधी आलेल्यांची कुरकुर महत्त्वाची वाटते. दिवसभराचं ऊन त्यांनी सोसलं होतं. गावातल्या नऊशे मुलांच्या आयांना वीस किलोमीटर चालायला लावणं हाही अन्यायच. त्यामुळे केंद्र मधोमध ठेवून शेवटच्याला न्याय दिला, असं मला म्हणवत नाही.

मग लसच पाड्यावर न्यायची. आरोग्य उपकेंद्रासाठी सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या, हा शासनाचा निकष याच विचारातून आलेला आहे. लोक विरळ असतील तिथे दरडोई खर्च जास्त होणार, हे तो आधीच मान्य करतो. ही दया नव्हे. अक्राणीच्या डोंगरात जन्मलेल्या बाळाचा तो हक्क आहे.

नेणंही सोपं नाही. लस दोन ते आठ अंशांत राहायला हवी. फ्रीझरमधले आईसपॅक तसेच लसीच्या कॅरियरमध्ये घातले तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठून वाया जाते. म्हणून ते बाहेर काढून ठेवायचे, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत थांबायचं, मग चार पॅक भरून निघायचं. हा वेळ वाचवू पाहणारे आराखडे मी पाहिले आहेत. पाड्यावर पोचून निकामी लस टोचण्यापेक्षा मोठी नासाडी मला माहीत नाही.

आणि कॅरियर खांद्याला लावून चढणारी सिस्टर? आईचं अंतर मी तिच्या पायांवर टाकलं, आणि माझ्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही. तिची चाल कामाच्या तासांत धरली की एका दिवसात दोनाऐवजी एकच सत्र बसतं, माणसं वाढवावी लागतात, कार्यक्षमतेचा आकडा खाली येतो. मी तो आकडा तसाच पुढे पाठवते आणि शेजारच्या रकान्यात सगळ्यांत लांबच्या पाड्याचं नाव लिहिते.