बाजारात न उतरलेले नाणे

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमधल्या जमुईला पंतप्रधानांच्या हस्ते बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ एक नाणे प्रसिद्ध झाले. त्याची किंमत दीडशे रुपये. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बाईपुढे हे नाणे कुणी धरले, तर ती ते घेणार नाही, आणि तिचे काही चुकणारही नाही. पण तिच्यापुढे ते धरणारच कोण? हे नाणे बाजारासाठी पाडलेलेच नाही. सरकारी टांकसाळीकडे मागणी नोंदवायची, अंगावर छापलेल्या किमतीच्या कितीतरी पट पैसे मोजायचे, मग ते मखमली डबीत बसून घरी येते आणि कपाटात जाते. ज्या आदिवासींचा गौरव म्हणून ते काढले, त्यांच्यापैकी किती जणांच्या हाताला त्याचा स्पर्श होणार आहे?

गेल्या दीड-दोन दशकांत अशा नाण्यांचे पीकच आले आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून हजार रुपयांचे, गुरू गोविंदसिंगांच्या ३५० व्या प्रकाशपर्वासाठी साडेतीनशेचे, रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीला नव्वदचे, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीतल्या नव्या संसद भवनासाठी पंचाहत्तरचे, अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीला तीनशेचे. जेवढी वर्षे तेवढे रुपये, असा हा सरळ हिशेब. यातले एकही सुट्टे करून मागता येणार नाही आणि कुणी मागणारही नाही. नाण्यावरचा आकडा पूर्वी त्याचे मोल सांगायचा; इथे तो वाढदिवसाच्या केकवरच्या मेणबत्त्यांसारखा आहे.

हा प्रकार आपल्याकडचाच, असे नाही. ग्रीसला तर या बाबतीत हेवा वाटावा एवढी पूर्वपुण्याई आहे. तत्त्ववेत्ते, शोकांतिका लिहिणारे नाटककार, वैद्य अशा एकेकावर त्या देशाने संग्राहकांसाठी चांदीची युरो नाणी काढली आहेत. युरोपातला नियम मोठा बोलका आहे: अशी संग्राहक नाणी फक्त ती काढणाऱ्या देशातच कायदेशीर चलन असतात, स्मरणार्थ काढलेले दोन युरोचे नाणे मात्र युरो वापरणाऱ्या साऱ्या देशांत चालते. अशा दोन युरोच्या नाण्यांतले सर्वांत पहिले ग्रीसनेच २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या निमित्ताने काढले. त्यावर थाळीफेक करणारा तो प्रसिद्ध पुतळा आहे. ग्रीसच्या नेहमीच्या एक युरोवर तर इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातले अथेन्सचे घुबडच आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते घुबड आज पाव विकत घ्यायला चालते. मला ग्रीक संस्कृतीचा खरा गौरव या घुबडात दिसतो, डबीतल्या सॉक्रेटिसात नाही.

त्याच ग्रीसमधली २०१५ ची गोष्ट. त्या जूनच्या अखेरीस बँका बंद झाल्या आणि लोक एटीएमपुढे रांगा लावून दिवसाला ६० युरो काढू लागले. त्याच वर्षीच्या दोन युरोच्या एका नाण्यावर स्पिरिडॉन लुईस आहे, १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेला पाणक्या. निदान ते नाणे तरी रांगेतल्या माणसाच्या खिशात पोहोचू शकत होते.

ग्रीक नाण्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध जुना आहे, आणि तो कुठल्याही समारंभाने जुळलेला नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे येणाऱ्या व्यापाराची माहिती लिहिणाऱ्या एका अनाम ग्रीक लेखकाने नोंदवले आहे, की भडोचला अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी अजून चालतात. ते राजे जाऊन तेव्हा दोनशेच्या आसपास वर्षे झाली होती. त्यांची जयंती कुणी साजरी केली नव्हती. चांदी चोख होती म्हणून नाणी चालत होती आणि नाण्यांबरोबर त्यांची नावे चालत होती.

पुढे नहपान या क्षहरात क्षत्रपाने त्याच वळणाची चांदीची नाणी पाडली. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. मजा म्हणजे त्या ग्रीक अक्षरांतली भाषा ग्रीक नव्हे, प्राकृत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी गावात या नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे: तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह. शत्रूला हरवले, पण त्याची नाणी वितळवली नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरच आपली मोहोर उठवली आणि ती पुन्हा बाजारात सोडली. कित्येक नाण्यांवर सातकर्णीच्या डोंगराखालून नहपानाचे नाक आणि ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून डोकावतात. पुढच्या सातवाहन राजांनी तर स्वतःचे चेहरे असलेली चांदीची नाणी त्याच धर्तीवर पाडली. एका संस्कृतीने दुसरीकडून काय घेतले, काय पुसले आणि काय पुसता आले नाही, हे तळहातावर मावेल एवढ्या चांदीत वाचता येते, ते या नाण्यांनी बाजार पाहिला म्हणून.

यावर एक बिनतोड वाटणारा आक्षेप आहे. जोगलटेंभीचा साठा आपल्याला मिळाला, कारण कुणीतरी तो चलनातून काढून पुरून ठेवला. आपल्या भागातलेही असेच. तेव्हाच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला. १९३९ मध्ये वाशिमकडच्या तऱ्हाळ्याला तशाच नाण्यांचा मोठा साठा निघाला, आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे त्यामुळे ठाऊक झाले; अभ्यासक वा. वि. मिराशी यांनी ती नाणी वाचली. मग डबीत नाणे जपणारा आजचा संग्राहक उद्याच्या मिराशींचीच सोय करतो आहे, असे का म्हणू नये?

संग्राहकांचे ऋण मी नाकारत नाही. त्यांच्याविना अर्धे नाणकशास्त्र उभे राहिले नसते. पण पुरलेले नाणे आणि डबीतले नाणे यांत फरक आहे. तऱ्हाळ्याची नाणी आधी खर्चासाठी पाडली गेली आणि नंतर कुणीतरी ती दडवली. किती झिजली, कोणत्या राजाची किती निघाली, कोणती कोणाबरोबर सापडली, यातून अभ्यासक व्यापार, धास्ती, राज्यबदल वाचतात. डबीतल्या चकचकीत नाण्यावर झीज नाही आणि दुसरा ठसाही नाही. दोन हजार वर्षांनी ते सापडले, तर त्यातून एवढेच कळेल, की अमुक साली सरकारने अमुक व्यक्तीचा गौरव केला. ते तर सरकारी पत्रकातही लिहिलेले आहे.

नाणे चलनातून काढायची आपल्या मुलखाचीही एक रीत होती. चांदीच्या कलदार रुपयाला कडी झाळून तो माळेत ओवायचा. राणीछाप, राजाछाप रुपयांच्या अशा माळा झाडीपट्टीतल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गळ्यात असत. गळ्यात व्हिक्टोरिया राणी आहे म्हणून तिचे स्मरण कुणी करीत नव्हते. तोळाभर वजनाचा तो रुपया म्हणजे बाईच्या हक्काची बचत होती. नड आली की माळेतला एक रुपया कमी होई. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, म्हणून सोनार आधी साल पाहतो आणि मग काटा धरतो. माळेतले नाणे बाजारातून बाहेर पडले, तरी कामातून गेले नाही.

आपल्या सरकारलाही हे पूर्वी कळत होते. स्वतंत्र भारताचे पहिले स्मरणनाणे १९६४ मध्ये नेहरूंच्या निधनानंतर निघाले, ते एक रुपयाचे आणि पन्नास पैशांचे, रोजच्या चलनातले. १९९९ मध्ये शिवाजी महाराज दोन रुपयांवर आले आणि संत ज्ञानेश्वर एका रुपयावर. २००२ मध्ये तुकोबा आले. ही नाणी किराणा दुकानाच्या गल्ल्यातून, एसटी कंडक्टरच्या चामडी पिशवीतून, देवळातल्या ताटातून फिरली. त्यांत सर्वांत वेगळे भाग्य लाभले ते बाबासाहेबांच्या १९९० मधल्या रुपयाला. हातात आला की तो खर्चायचा नाही, वेगळा काढून ठेवायचा, असे विदर्भातल्या कितीतरी घरांनी आपणहून ठरवले. स्मारक खरे तिथे झाले. तो टांकसाळीच्या डबीतून आला नव्हता. मजुरीच्या सुट्ट्या पैशांतून तो घरी आला आणि मजुरी करणाऱ्याने तो जपण्याजोगा ठरवला.

२०१५ मध्ये, १२५ व्या जयंतीच्या वर्षी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांची दोन नाणी निघाली, एक दहा रुपयांचे आणि एक सव्वाशेचे. एक दरवाजा बाजाराचा आणि एक डबीचा, असे दोन दरवाजे उघडले गेले, असे म्हणू. सव्वाशेचे नाणे आमच्याकडे आले नाही. दहाचे आले, पण वाईट काळात आले. दहा रुपयांची नाणी खोटी आहेत, ती बंद झाली आहेत, अशी आवई उठली आणि दुकानदार ती घेईनात. कुठे रुपयाच्या चिन्हावरून शंका, कुठे नक्षीतल्या रेघांच्या संख्येवरून. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले असून चौदाही ग्राह्य आहेत. त्यानंतरही इकडे ते नाणे बरेच दिवस तोंड चुकवत फिरत होते. याचा दोष मी दुकानदारांना देणार नाही. दर प्रसंगाला नवा नमुना काढायचा आणि तो कुणाचा, कशासाठी हे बाजाराला सांगायचेच नाही, तर बाजार बिचकणारच. दिल्लीत झालेल्या प्रकाशनाची बातमी सर्वांना मिळते, पण प्रत्यक्ष नाणे गावात येते तेव्हा त्याची ओळख करून द्यायला कुणी नसते.

आता फोनवरून पैसे देण्याच्या काळात चिल्लरीची काय मातब्बरी, असेही म्हणतील. चिल्लर कमी झाली, हे खरे. पण वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या बाजारांत मोहफुले, मासोळी आणि पालेभाजी अजून सुट्ट्या पैशांवरच विकली जाते. शिवाय इच्छा असली तर सरकारला जमते, हे जून २०२२ मध्ये दिसले आहे: स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह तेव्हा एकपासून वीस रुपयांपर्यंतच्या पाच चलनी नाण्यांवर आले, डबीविना.

आमच्या जिल्ह्यापुरते सांगायचे, तर बाबुराव पुलेश्वर शेडमाके यांच्या नावाचे टपाल तिकीट २००९ मध्ये निघाले. १८५८ मध्ये इंग्रजांशी लढलेला आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्यात फाशी गेलेला हा वीर. टपाल तिकिटाला निदान पत्रावर बसून गावोगाव जावे लागते, पण पत्रेही आता कोण लिहितो. त्यांच्या नावाने अजून नाणे नाही. बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. २०३३ मध्ये द्विशताब्दी येईल, आणि सध्याची चाल पाहता कुणीतरी दोनशे रुपयांच्या चांदीच्या नाण्याची मागणी करील, ती मान्यही होईल, राजधानीत कार्यक्रम होईल, व्यासपीठावरच्या प्रत्येकाला एकेक डबी मिळेल. माझी मागणी पाच रुपयांच्या नाण्याची आहे, भरपूर संख्येने पाडलेल्या, आणि ते सर्वांत आधी गडचिरोली आणि चंद्रपूरच्या बँकांतून सुटावे अशी. त्याबरोबर आरमोरी, अहेरी, धानोऱ्याच्या बाजारांत लावायला मराठीत आणि गोंडीत एक फलकही छापून ठेवावा, की हे नाणे खरे आहे, घ्या. दुकानदार पहिले महिनाभर तरीही घेणार नाहीत, तेवढी तयारी ठेवलेली बरी.